डायरीतला 'रिमार्क' नेमका काय सांगतो? शाळेतल्या शिस्तीचे इंग्रजी शब्द, पालकांसाठी सोप्या मराठीत

"डिअर पेरेंट, युवर वॉर्ड वॉज फाउंड मिसबिहेव्हिंग इन द क्लास. काइंडली मीट द क्लास टीचर टुमॉरो, फेलिंग विच डिसिप्लिनरी ॲक्शन विल बी टेकन."

असा मेसेज संध्याकाळी मोबाइलवर पडला की घरात दोनच गोष्टी होतात. एक तर कुणालाच काही कळत नाही आणि मेसेज तसाच राहतो. नाहीतर 'ॲक्शन' एवढा एकच शब्द कळतो आणि पोराला आधी दोन रट्टे बसतात, मग विचारपूस. शाळेने नेमकं काय कळवलं, हे दोन्ही वेळा बाजूलाच राहतं.

आता हाच मेसेज फोडून बघा. 'वॉर्ड' म्हटलं की आपल्याला ग्रामपंचायतीचा वॉर्ड आठवतो, नाहीतर दवाखान्यातला. शाळेच्या इंग्रजीत 'युवर वॉर्ड' म्हणजे तुमचा पाल्य. 'मिसबिहेव्हिंग' म्हणजे नीट वागत नव्हता. काय केलं, ते मात्र हा शब्द सांगत नाही. बाकावर बडबड केली तरी तोच शब्द आणि कुणाचं डोकं फोडलं तरी तोच. 'काइंडली' म्हणजे कृपया. आणि 'फेलिंग विच' वाचून पोरगं नापास झालं असं समजू नका. त्याचा अर्थ 'तसे न केल्यास' एवढाच आहे. म्हणजे मेसेज असा झाला : तुमचा मुलगा वर्गात नीट वागत नव्हता, उद्या वर्गशिक्षकांना भेटा, न भेटल्यास शिस्तीची कारवाई होईल. घाबरण्यासारखं यात काही नाही, पण उद्या जायचं मात्र आहे.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली 2000 साली. त्याआधी मराठी शाळेत शिकलेल्यांची एबीसीडी पाचवीला सुरू व्हायची. आज ज्यांची मुलं आठवी-नववी-दहावीला आहेत, त्यातले बरेच पालक या पाचवीवाल्या पिढीतले. त्यांच्या इंग्रजीच्या पुस्तकात गाय होती, शेतकरी होता, पोस्टमन होता. 'सस्पेन्शन', 'अंडरटेकिंग', 'विड्रॉ' हे शब्द नव्हते. आता मुलं इंग्रजी मीडियमला किंवा सेमीला. डायरी इंग्रजीत, नोटीस इंग्रजीत, मेसेज इंग्रजीत. घरात इंग्रजी वाचणारा एकच माणूस असतो आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोही तोच असतो! 'टॉकेटिव्ह' लिहिलेलं असेल तर "बाई म्हणतात मी छान बोलतो" असं भाषांतर ऐकायला मिळणारच.

हलके शब्द आणि जड शब्द

डायरीतले सगळे शेरे सारख्या वजनाचे नसतात. हे कळलं तरी निम्मं काम होतं.

'टॉकेटिव्ह' म्हणजे बडबड्या. 'नॉटी' म्हणजे खोडकर, 'मिस्चिव्हस' म्हणजे त्याहून थोडा जास्त खोडकर. 'रेस्टलेस' म्हणजे एका जागी न बसणारा, 'इनअटेन्टिव्ह' म्हणजे वर्गात लक्ष नसणारा, 'केअरलेस' म्हणजे निष्काळजी, 'अनटायडी' म्हणजे गबाळा. 'इरेग्युलर' म्हणजे शाळेत नेमाने न येणारा. एसटी चुकते म्हणून दोन वाड्यांवरच्या पोरांच्या डायरीत 'लेट कमर' हा शेरा वर्षभर फिरत असतो. त्यात पोराचा दोष किती आणि गाडीचा किती, हे पालकांनी शाळेत जाऊन एकदा सांगितलं पाहिजे. हे सगळे शब्द सवयीबद्दल आहेत. पहिली-दुसरीतल्या लेकराला 'नॉटी' म्हटलं म्हणून घरी मार देणं हा त्या शब्दाचा फार मोठा अर्थ काढणं झालं.

दुसरा गट जरा जड आहे. 'रूड' म्हणजे उद्धट. 'डिसओबिडियंट' म्हणजे सांगितलेलं न ऐकणारा. 'डिसरिस्पेक्टफुल' म्हणजे मोठ्यांचा मान न ठेवणारा. 'अब्युझिव्ह लँग्वेज' किंवा 'फाउल लँग्वेज' म्हणजे शिवीगाळ. 'बंकिंग' म्हणजे दांडी मारणे. त्यालाच कागदावर 'ट्रुअन्सी' म्हणतात. घरून शाळेला निघाला आणि शाळेत पोचलाच नाही, असं असेल तर हा शब्द येतो, आणि तो आला की त्याच दिवशी चौकशी करावी. 'डॅमेज टू स्कूल प्रॉपर्टी' म्हणजे शाळेच्या वस्तूची मोडतोड. 'स्टीलिंग' किंवा 'थेफ्ट' म्हणजे चोरी.

या दुसऱ्या गटातले शब्द घडलेल्या गोष्टीबद्दल असतात. घडलेल्या गोष्टीला तारीख असते, जागा असते, पाहणारा असतो. म्हणून असा शेरा आला की शाळेला विचारायचं : काय झालं, कधी झालं, कोणी पाहिलं? हा प्रश्न विचारणं म्हणजे मास्तरांशी भांडण नाही. उलट नेमकं कळलं तर पोराला नेमकं समजावता येतं. शिक्षकांच्या बाजूनेही पाहिलं पाहिजे. एका वर्गात पन्नास-साठ पोरं आणि खिशात मोबाइल घेऊन येणारी मोठी मुलं, हे सांभाळणं सोपं नाही. पण 'मिसबिहेव्हिअर' एवढंच लिहून भागत नाही, हेही तितकंच खरं.

'फाइन' म्हणजे ठीक नव्हे

काही शब्द ओळखीचे वाटतात आणि म्हणूनच फसवतात.

'हाऊ आर यू'ला 'फाइन' म्हणतात, तो शब्द सगळ्यांना माहीत आहे. शाळेच्या नोटिशीत 'फाइन' म्हणजे दंड. 'डिफॉल्टर' म्हटलं की सोसायटीचा थकबाकीदार डोळ्यांपुढे येतो. शाळेत फी थकली तरी डिफॉल्टर आणि युनिफॉर्म, बूट, केस नियमाप्रमाणे नसले तरी डिफॉल्टर. यादीत नाव आलं तर आधी फीची पावती शोधू नका, कशाची यादी आहे ते विचारा. 'कॉन्फिस्केटेड' म्हणजे जप्त. मोबाइलबद्दल हा शब्द हमखास येतो. जप्त केलेली वस्तू कधी आणि कोणाच्या हाती परत मिळणार, हे नोटिशीत नसेल तर विचारून घ्यावं.

'कौन्सेलिंग' या शब्दाला खेड्यात उगाच घाबरतात. "पोराला वेड लागलंय का, डॉक्टरकडं न्यायला?" असा प्रश्न लगेच येतो. कौन्सेलिंग म्हणजे समुपदेशन, मुलाशी शांतपणे बसून बोलणं. ही शिक्षा नाही आणि दाखल्यावर लागणारा डागही नाही. बारावीनंतर ॲडमिशनच्या वेळीही 'कौन्सेलिंग राउंड' असतो, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

'क्लास डिसमिस्ड' वाचूनही दचकायचं कारण नाही. वर्ग सुटला, एवढंच.

एकच 'डिटेन्शन', अर्थ तीन

पालकांचा सर्वात जास्त गोंधळ या शब्दावर होतो. शब्दकोश उघडला तर डिटेन्शन म्हणजे अटक, स्थानबद्धता. साहजिकच काळजाचा ठोका चुकतो.

शाळेत या शब्दाचा पहिला अर्थ आहे, शाळा सुटल्यावर किंवा मधल्या सुट्टीत मुलाला शिक्षा म्हणून बसवून ठेवणे. ही पद्धत मूळची इंग्लंड-अमेरिकेतली. तिकडच्या सिनेमांत आणि कार्टूनमध्ये पोरं 'डिटेन्शन'ला बसलेली दिसतात ती अशीच. आपल्याकडच्या काही इंग्रजी शाळांनीही ती उचलली आहे. पण आपल्या राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने शाळांतील शारीरिक शिक्षेबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात मुलाला वर्गात, ग्रंथालयात, संडासात किंवा कुठल्याही बंद जागेत अडकवून ठेवणे हे शारीरिक शिक्षेतच धरले आहे. खेड्यात तर आणखी एक अडचण असते. शाळेची गाडी किंवा शेवटची एसटी निघून गेली तर लेकरू घरी येणार कसं? म्हणून 'डिटेन्शन'ची सूचना आली तर वेळ किती, सोबत कोण थांबणार आणि मूल घरी कसं पोचणार, हे तीन प्रश्न फोन करून विचारावेत.

दुसरा अर्थ सरकारी आहे. पेपरात 'नो डिटेन्शन पॉलिसी' असं छापून येतं, त्यातला डिटेन्शन म्हणजे नापास करून त्याच वर्गात ठेवणे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, तेव्हा आठवीपर्यंत कुणालाही मागे ठेवायचं नाही असं त्यात होतं. 2019 मध्ये संसदेने ते बदललं. पाचवी आणि आठवीला वर्षअखेर परीक्षा घ्यायची, नापास झाल्यास जादा शिकवून निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा द्यायची आणि त्यातही नापास झाल्यास मागे ठेवायचं की नाही हे राज्याने ठरवायचं. महाराष्ट्राने 2023 मध्ये ठरवलं की मागे ठेवता येईल. म्हणजे पाचवी किंवा आठवीच्या निकालावर 'डिटेन्ड' लिहिलं असेल तर ती वागणुकीची शिक्षा नाही, तो निकाल आहे. मात्र त्याआधी फेरपरीक्षा झाली का, हे पाहायचं.

तिसरा अर्थ पोलिसांचा, ताब्यात घेण्याचा. शाळेच्या कागदात तो सहसा नसतो.

सस्पेंड, रस्टिकेट, एक्सपेल : तिघांत फरक आहे

'सस्पेन्शन' म्हटलं की गावातल्या पोरांना मोटारसायकलचे शॉकॲब्सॉर्बर आठवतात. तिथेही आणि शाळेतही मूळ अर्थ एकच आहे, लटकवणे. गंमत म्हणजे मराठीतला 'निलंबन' हाही 'लंब' म्हणजे लोंबणे यातूनच आलेला आहे. म्हणजे सस्पेंड केलेला विद्यार्थी शाळेतून गेलेला नसतो, मध्येच लोंबकळत असतो. त्याचं नाव पटावर असतं, ठरावीक दिवस वर्गात बसता येत नाही, मुदत संपली की परत यायचं. म्हणून सस्पेन्शनच्या पत्रात 'फ्रॉम' आणि 'टू' अशा दोन तारखा असल्याच पाहिजेत. परतीची तारीख नसलेलं पत्र घेऊन घरी येऊ नये. पोरगं चार दिवसांसाठी म्हणून घरी बसतं, शेतात कामाला लागतं आणि शाळा सुटते ती सुटतेच.

'रस्टिकेट' हा शब्द कॉलेजात मारामारी झाली की फार ऐकू येतो. याची कहाणी ग्रामीण वाचकांनी जरूर वाचावी अशी आहे. लॅटिन भाषेत 'रुस' म्हणजे खेडं, रान. त्यावरून इंग्रजीत 'रस्टिक' म्हणजे गावठी, खेडवळ. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या इंग्लंडच्या विद्यापीठांत विद्यार्थी चुकला की काही काळासाठी त्याला विद्यापीठाच्या शहराबाहेर काढत, 'जा खेड्यात राहायला' म्हणून. तेच रस्टिकेट करणं. म्हणजे ज्याला आपण घर म्हणतो, तिथं राहायला पाठवणं ही त्या साहेबांची शिक्षा! तिकडे रस्टिकेट म्हणजे ठरावीक मुदतीसाठी काढणं. आपल्याकडे मात्र बोलताना कायमचं काढलं तरी 'रस्टिकेट केलं' असंच म्हणतात. त्यामुळे हा शब्द कागदावर आला तर मुदत किती ते बघायचं.

'एक्सपेल', 'एक्सपल्शन' म्हणजे कायमचं काढून टाकणं. पटावरून नाव कमी. आणि इथेच कायदा पालकाच्या बाजूने उभा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कुठल्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. 2019 ची दुरुस्ती झाली तरी हा भाग तसाच ठेवला आहे. जिल्हा परिषदेची शाळा असो, अनुदानित असो की खासगी विनाअनुदानित, नियम तोच. अपवाद अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने त्या या कायद्याच्या बाहेर राहिल्या. नववीपासून पुढे हे संरक्षण नाही, तिथे माध्यमिक शाळा संहिता आणि शाळेचे नियम चालतात.

सर्वात धोक्याचा शब्द : 'विड्रॉ'

आठवीपर्यंत काढता येत नाही, हे शाळांनाही माहीत असतं. म्हणून 'एक्सपेल' हा शब्द कागदावर फारसा येत नाही. येतं ते गोड इंग्रजीतलं वाक्य : "यू आर रिक्वेस्टेड टू विड्रॉ युवर वॉर्ड." बँकेत पैसे काढायच्या स्लिपवर 'विड्रॉल' असतं, तोच हा शब्द. तुमचा पाल्य शाळेतून काढून घ्या, अशी 'विनंती'. भाषा विनंतीची आहे, पण मान्य केली तर परिणाम काढून टाकल्यासारखाच.

यापुढची पायरी अशी असते की ऑफिसात एक अर्ज समोर ठेवला जातो. अर्ज इंग्रजीत टाइप केलेला, खाली पालकाच्या सहीची जागा. त्यात 'ॲट माय ओन रिक्वेस्ट' किंवा 'ड्यू टू पर्सनल रीझन' असे शब्द असतील तर थांबा. पहिल्याचा अर्थ 'माझ्या स्वतःच्या विनंतीवरून' आणि दुसऱ्याचा 'घरगुती कारणामुळे'. सही झाली की कागदोपत्री शाळेने मुलाला काढलेलं नाही, तुम्हीच नेलेलं आहे. पुढे तक्रार केली तर शाळा हाच अर्ज दाखवणार. मग कलम 16 सांगून उपयोग होत नाही.

दाखल्यावरही हेच उतरतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, ज्याला आपण एलसी किंवा टीसी म्हणतो, 'रीझन फॉर लीव्हिंग' म्हणजे शाळा सोडण्याचे कारण, 'कंडक्ट' म्हणजे वर्तणूक आणि 'रिमार्क्स' म्हणजे शेरा असे रकाने असतात. जातीच्या दाखल्यापासून पुढच्या प्रवेशापर्यंत हा कागद आयुष्यभर लागतो. कंडक्टपुढे 'गुड' असणं नेहमीचं. 'सॅटिसफॅक्टरी' म्हणजे समाधानकारक, चालतं. दाखला हातात आला की जन्मतारीख आणि नावाच्या स्पेलिंगसोबत हे तीन रकाने तिथेच उभं राहून वाचून घ्यावेत. इंग्रजी वाचता येत नसेल तर गावातल्या शिकलेल्या पोरीला सोबत न्यावं, त्यात कमीपणा काही नाही.

खरोखरच शाळा बदलायची असेल तर ती गोष्ट वेगळी. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत मूल घालायचं असेल तर आधीच्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा आहे आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. हे याच कायद्याच्या कलम 5 मध्ये आहे.

सही करताना

'अंडरटेकिंग' म्हणजे हमीपत्र. 'अपॉलॉजी लेटर' म्हणजे माफीपत्र. 'वॉर्निंग' म्हणजे ताकीद, 'फायनल वॉर्निंग' म्हणजे शेवटची ताकीद. 'शो कॉज' म्हणजे कारणे दाखवा. हे चारही कागद वेगवेगळे आहेत. माफीपत्र लिहिलं म्हणजे चूक मान्य केली. हमीपत्र दिलं म्हणजे पुढे असं झाल्यास काय, तेही मान्य केलं. त्यात 'आय शॅल विड्रॉ माय वॉर्ड' असं वाक्य घुसवलेलं असेल तर पुढच्या वेळी शाळेला काही करायचीही गरज राहत नाही. शो कॉजला मात्र उत्तर द्यायचं असतं, सही करून गप्प बसायचं नसतं.

उत्तर इंग्रजीतच द्यावं असं काही नाही. साध्या मराठीत, तारीख घालून, दोन प्रतींत लिहावं आणि एका प्रतीवर शाळेचा शिक्का घ्यावा. मजकूर एवढा पुरतो : "आपली सूचना मिळाली. माझ्या मुलाने कोणत्या तारखेला, नेमके काय केले, हे कृपया लेखी कळवावे. सदर पत्र मला मराठीत समजावून सांगावे, ही विनंती." डायरीतल्या शेऱ्याखाली सही करताना नुसती सही करण्यापेक्षा 'वाचले' असं लिहून तारीख टाकावी. वाचणं वेगळं, मान्य करणं वेगळं.

शिस्त आणि शिक्षा

'डिसिप्लिन' म्हणजे शिस्त आणि 'पनिशमेंट' म्हणजे शिक्षा. बोलताना आपण दोन्ही एकच करून टाकतो. 'कॉर्पोरल पनिशमेंट' हा शब्द बातम्यांत येतो. लॅटिनमध्ये 'कॉर्पस' म्हणजे शरीर, म्हणून ही शरीरावरची शिक्षा. कलम 17 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना बंदी आहे आणि जो देईल त्याच्यावर सेवा नियमांनुसार कारवाई होते.

यात फक्त छडी येते असा समज आहे. बाल हक्क आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांत थप्पड, चिमटा, केस ओढणं, कान पिळणं, डस्टर फेकून मारणं हे आहेच. शिवाय बाकावर उभं करणं, गुडघ्यावर बसवणं, दप्तर डोक्यावर घेऊन उभं करणं आणि पायांखालून हात घालून कान धरायला लावणं, म्हणजे आपला 'कोंबडा', तोही आहे. मानसिक त्रासात मुलाच्या जातीवरून, आईबापाच्या धंद्यावरून, आजारावरून टोमणे मारणं येतं. वर्गात सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलणंही येतं.

आणि खेड्यातलं एक वाक्य इथे आडवं येतं : "मास्तर, हाडं आमची, कातडं तुमचं." पिढ्यान् पिढ्या हे प्रेमाने म्हटलं गेलं. पण पालकाने परवानगी दिली म्हणून मारहाण कायदेशीर होत नाही. तसा अधिकार पालकाला देताच येत नाही.

'इनअप्रोप्रिएट' लिहिलं असेल तर थांबू नका

'इनअप्रोप्रिएट बिहेव्हिअर' म्हणजे शब्दशः अयोग्य वर्तन. हा शब्द फार मोघम आहे आणि मोघम असण्यात कधी कधी सोय बघितली जाते. पोराने वर्गात च्युइंगम खाल्लं तरी तो वापरतात आणि मोठ्या माणसाने लेकराच्या अंगाला नको तसा हात लावला तरी तोच वापरतात. 'मिसबिहेव्ह केलं' याचंही तसंच. शिक्षक, शिपाई, गाडीचा ड्रायव्हर किंवा मोठा विद्यार्थी यांच्याबद्दल हा शब्द कानावर आला तर नेमकं काय घडलं ते त्याच वेळी विचारा. लैंगिक प्रकार असेल तर तो शाळेत बसून मिटवायचा विषयच नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ज्याला माहिती मिळाली त्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मुख्याध्यापकांनाही.

'बुली' करणं म्हणजे दुबळ्याला पुन्हा पुन्हा छळणं, दादागिरी. गंमत अशी की साडेचारशे-पाचशे वर्षांपूर्वी इंग्रजीत 'बुली' हा लाडाचा शब्द होता, जिवलग अशा अर्थाचा. शब्द कुठून कुठे जातात! एकदा भांडण झालं तर ते 'फाइट'. एकच पोरगा रोज त्याच पोराला डबा हिसकावणं, नाव ठेवणं, ग्रुपवर फोटो टाकून चिडवणं करत असेल तर ते 'बुलिंग', आणि मोबाइलवरचं ते 'सायबर बुलिंग'. शाळेत सांगताना "मारामारी झाली" म्हटलं तर दोघांना समज देऊन सोडतात. "रोज होतंय, अमक्या तारखेपासून होतंय" असं सांगितलं तर प्रश्न वेगळा होतो.

'रॅगिंग' हे मोठ्या मुलांचं, कॉलेज-होस्टेलचं. महाराष्ट्रात त्याविरुद्ध 1999 पासून स्वतंत्र कायदा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. मुलगी किंवा मुलगा पहिल्यांदाच शिकायला शहरात निघाला असेल तर हा शब्द त्यालाही माहीत असू द्या.

परीक्षेतली 'कॉपी' हा शब्द आपण इंग्रजी समजतो, पण हॉल तिकिटावर तो शोधून सापडणार नाही. इंग्रजीत कॉपी म्हणजे नुसती नक्कल, झेरॉक्ससुद्धा कॉपीच. बोर्डाच्या कागदात 'मालप्रॅक्टिस' किंवा 'अनफेअर मीन्स' असं असतं, म्हणजे गैरप्रकार. 'डीबार' म्हणजे परीक्षेला बसायला बंदी. 'इम्पर्सनेशन' म्हणजे दुसऱ्याच्या नावावर पेपर देणं, आपल्या भाषेत डमी बसवणं. परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी महाराष्ट्रात 1982 चा कायदा आहे, त्यामुळे केंद्राच्या खिडकीतून चिठ्ठ्या फेकणाऱ्या काका-मामांनीही आपण फक्त 'मदत' करतोय असं समजू नये.

तक्रार कुठे करायची?

आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक. तिथे सुटलं नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, त्यापुढे जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी. प्राथमिक आणि माध्यमिक असे दोन वेगळे शिक्षणाधिकारी असतात, आपला वर्ग कोणाकडे येतो ते विचारून जावं. अर्ज मराठीत चालतो. शिक्षण हक्क कायद्याखालची लेखी तक्रार असेल तर कलम 32 प्रमाणे तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा. अर्जासोबत डायरीच्या पानाचा फोटो, व्हॉट्सॲप मेसेजचा स्क्रीनशॉट आणि शाळेने दिलेल्या प्रत्येक पत्राची झेरॉक्स जोडावी. मेसेज डिलीट करू नये. मुलाला मारहाण किंवा त्याहून गंभीर काही झालं असेल तर या पायऱ्या चढत बसायची गरज नाही. चाइल्डलाइनचा 1098 हा नंबर मोफत आहे आणि मूल स्वतःही त्यावर फोन करू शकतं.